पडद्यावरील दुःखसहन आणि आपले यहुदी शेजारी

प्रायश्चित्तकाळात प्रभूच्या दुःखसहनावरील चित्रपट दाखविण्याची प्रथा अनेक धर्मग्रामांत आहे. एके काळी मूळ तेलुगूतून (१९७८) आलेला ‘दयासागर’ दाखवीत. पुढे मेल गिब्सन यांच्या ‘द पॅशन ऑफ द ख्राइस्ट’ने (२००४) ती जागा घेतली. क्रूसाची वाट करणाऱ्या भाविकाला तो हेलावून टाकतो, यात शंका नाही. पण शेजारच्या खुर्चीवर एखादे यहुदी कुटुंब बसलेले असते तर?

लोणावळ्यात हा प्रश्न कुणाला ओढूनताणून आणलेला वाटेल. परंतु बोरघाट उतरला की पनवेल, पेण, अलिबाग येथे बेने इस्राएलांची सभास्थाने लागतात. पुण्याकडे १८६७ साली पूर्ण झालेले लाल देऊळ आहे. बेने इस्राएल म्हणजे पेणकर, चेऊलकर अशी गावांची आडनावे लावणारा, मराठी बोलणारा समाज. बहुसंख्य इस्राएलला गेले, काही येथेच राहिले. फादर स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणात (१६१६) प्रभूचे दुःखसहन ओव्यांत आले, तशी या समाजाने अब्राहामाची, योसेफाची आख्याने मराठी कीर्तनांत रंगविली.

यहुद्यांचा आक्षेप श्रद्धेवर नाही. दोष कुणाच्या माथी मारला जातो, यावर आहे. युरोपात शतकानुशतके दुःखसहनाची नाटके पाहून उठलेला जमाव यहुदी वस्त्यांवर चालून जात असे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ‘नोस्त्रा एताते’ या घोषणापत्रात स्पष्ट केले, की प्रभूच्या मृत्यूचा दोष त्या काळच्या सरसकट सर्व यहुद्यांवर वा आजच्या यहुद्यांवर ठेवता येत नाही. अशा नाट्यरूपांसाठी अमेरिकेतील बिशपांच्या समितीने १९८८ साली निकषही दिले.

गिब्सन यांना हे ठाऊक नव्हते असे नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानातील जमावाचे ते रक्ताविषयीचे उद्गार त्यांनी अरामी भाषेत राहू दिले, फक्त त्यांचे भाषांतर पडद्यावरून काढले. खिळा धरणारा हात त्यांचा स्वतःचा आहे; क्रूसाचे कारण आपलीच पापे, हा ख्रिस्तसभेचा उपदेश त्यात आहे. पण हात कुणाचा हे लहान मुलाला कोण सांगणार? त्याला दिसतो दातओठ खाणारा कयफा आणि हळव्या मनाचा पिलात. फिलो व योसेफस यांच्या लिखाणातील पिलात मात्र क्रूर आहे.

मावळच्या वाचकाला ‘प्रभात’चा ‘संत तुकाराम’ (१९३६) आठवावा. सालोमालोचा आपल्याला संताप येतो. पण तुकोबाही त्याच गावचे, त्याच भाषेचे, हे प्रेक्षक क्षणभरही विसरत नाही. शिवाय विरोधक रामेश्वरशास्त्री अखेरीस शरण येतात. येरुशलेमच्या कथेत हे भान सुटते. कयफा तेवढा यहुदी ठरतो. येशू, पेत्र, रडणाऱ्या स्त्रिया जणू आपल्याच धर्मग्रामातल्या!

फटक्यांचा प्रसंग शुभवर्तमानकारांनी एका वाक्यात उरकला. गिब्सन यांनी तो किती लांबविला! येथे क्लोद लांझमान या यहुदी दिग्दर्शकाचा विचार मला अधिक पटतो. नऊ तासांहून मोठ्या ‘शोआ’त (१९८५) त्यांनी छळछावण्यांचे एकही जुने दृश्य वापरले नाही, फक्त माणसे बोलतात. स्पीलबर्ग यांच्या ‘शिंडलर्स लिस्ट’वर (१९९३) त्यांनी टीका केली. व्हॅटिकनने १९९५ साली निवडलेल्या ४५ चित्रपटांत मात्र तोच चित्रपट आहे. म्हणजे यहुद्यांतही एकमत नाही.

तरीही गिब्सन यांचा चित्रपट दाखवू नये असे मी म्हणणार नाही. दिवे मालविण्यापूर्वी मुलांना एवढे सांगावे, की मरियेची भूमिका करणाऱ्या माया मॉर्गनस्टर्न स्वतः यहुदी आहेत. चित्रपटाच्या आरंभी, येशूला धरून नेल्याच्या रात्री, मरिया विचारते, की ही रात्र इतर रात्रींहून वेगळी का? बहुतेकांच्या कानांवरून ते वाक्य निसटून जाते. वल्हांडणाच्या रात्री यहुदी घरातले सर्वांत धाकटे मूल हाच प्रश्न विचारते.