खुनाचे पाप कोणाच्या माथी

नारायणराव पेशव्याचा खून मराठी माणसाला शाळेपासून पाठ असतो. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, ऐन गणपतीच्या दिवसांत, गारदी शनिवारवाड्यात शिरले आणि चुलत्याच्या आसऱ्याला धावलेल्या अठरा वर्षांच्या पेशव्याला त्यांनी कापून काढले. चुलता रघुनाथराव ऊर्फ राघोबा पेशवा झाला. पुढे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली आणि दोषाचा माग थेट गादीपर्यंत नेला. आपण पकडण्याचा हुकूम दिला होता, मारण्याचा नव्हे, असा बचाव राघोबाने केला. शास्त्र्यांना तो पुरेसा वाटला नाही. ‘ध चा मा’ कोणी केला यावर आपण अडीचशे वर्षे चवीने बोलत आलो आहोत, पण हत्यारबंद गारद्यांना वाड्यात घालणाऱ्याला पुढच्या रक्तपाताशी माझा संबंध नाही असे म्हणता येत नाही, हे शास्त्र्यांना त्या अक्षराच्या वादापलीकडे दिसले असावे. प्रायश्चित्त काय, या प्रश्नाला त्यांनी देहान्त प्रायश्चित्त असे उत्तर दिले आणि राघोबा गादीवर असेपर्यंत पुण्यात पाऊल ठेवणार नाही असे सांगून ते वाईच्या बाजूला निघून गेले. ग्रँट डफच्या १८२६ सालच्या इतिहासात ही हकिगत आहे. निकालाची अंमलबजावणी मात्र झाली नाही. महंमद इसफासारखे जे गारदी हाती लागले ते मारले गेले. राघोबा दहा वर्षे जगला आणि डिसेंबर १७८३ मध्ये कोपरगावी आपल्या मरणाने मेला.

त्याच पुण्यात अठरा वर्षांनी, १७९१ साली, याच्या अगदी उलट घडले. घाशीराम कोतवालाने कोंडून ठेवलेल्या तैलंगी ब्राह्मणांपैकी वीसहून अधिक जण कोंडवाड्यात गुदमरून मेले. शहर खवळले. घाशीरामाला देहदंड ठरला, त्याची धिंड निघाली आणि तैलंगांच्या हाती देऊन त्याला दगडांनी ठेचून मारण्यात आले. इथे अंमलबजावणीत काडीची कसर राहिली नाही. घाशीराम निरपराध होता असे कोणी म्हणणार नाही. पण १७७७ पासून चौदा वर्षे त्याला कोतवालीवर ठेवणारा आणि त्याच्याविरुद्धची ओरड कानाआड करणारा कारभार कोणाचा होता, याची चौकशी झाली नाही. दगड संपले तिथे प्रश्नही संपला. तो पुन्हा विचारायला १९७२ साल आणि तेंडुलकरांचे नाटक यावे लागले. नाटक इतिहास म्हणून वाचू नये हे खरेच, पण त्याने बोट ठेवले ते नेमक्या राहून गेलेल्या जागेवर.

या दोहोंपैकी न्याय कुठे झाला? शिक्षा हीच न्यायाची खूण मानली तर १७९१ मध्ये झाला आणि १७७३ मध्ये झाला नाही. पण मराठी स्मृतीने कौल उलटा दिला आहे. न्यायाधीश म्हटले की आजही रामशास्त्री आठवतात, आणि घाशीरामाच्या अंताचे नाव काढले की न्याय आठवत नाही, सूड आठवतो. ही निव्वळ भाबडी व्यक्तिपूजा आहे असे मला वाटत नाही. खुनाच्या प्रकरणात समाज मृताचे देणे लागतो आणि त्यातले पहिले देणे सत्याचे असते: हे कोणी केले, कोणाच्या सांगण्यावरून केले, हे पुराव्याने ठरवून उघड सांगणे. शिक्षा त्यानंतरची. सत्याआधी धावणारी शिक्षा हे देणे फेडत नाही, उलट ते फिटले असा आभास निर्माण करून कायमचे बुडवते.

जुन्या धर्मविचारात याला आधार सापडतो, आणि तो अशा ग्रंथात आहे ज्याचा हवाला देताना महाराष्ट्रात दहा वेळा विचार करावा लागतो. डॉ. आंबेडकरांनी २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली त्याची कारणे खरी होती. ब्राह्मणाने काहीही केले तरी त्याला देहदंड नको, असे सांगणारा ग्रंथ न्यायाचा प्रमाणग्रंथ होऊ शकत नाही. (राघोबाला दंडाऐवजी प्रायश्चित्त सांगण्यामागे हीच अडचण दिसते. ब्राह्मणाला आणि सत्ताधीशाला दंड पोचत नव्हता, तिथे शास्त्र्यांनी प्रायश्चित्त पोचवले.) तरी साक्षीपुरावा म्हणून त्याच ग्रंथाच्या आठव्या अध्यायातला एक विचार पाहण्यासारखा आहे. न्यायसभेत अधर्म झाला तर त्या पापाचे चार वाटे पडतात: एक करणाऱ्याचा, एक साक्षीदाराचा, एक सभासदांचा म्हणजे न्याय करायला बसलेल्यांचा, आणि एक राजाचा. पुढच्याच श्लोकात म्हटले आहे की जिथे निंदेस पात्र असलेल्याची निंदा होते तिथे राजा आणि सभासद सुटतात आणि पाप करणाऱ्यावर जाते. वाटे फिरतात ते दोष योग्य माणसावर ठेवल्याने. त्या श्लोकात सुळाचा किंवा कुऱ्हाडीचा उल्लेखही नाही. दोष चुकीच्या माणसावर गेला तर त्याचे डोके उडवूनही तीन वाटे आपल्याच माथी राहतात, हे त्यावरून ओघानेच येते.

इथे कर्मवादी विचारेल की कर्माचे फळ कोणालाच चुकत नाही, मग न्यायालयाने एवढा घोर कशाला घ्यावा? राघोबाचा हिशोब वर झाला असेल. पण हा युक्तिवाद आपल्या परंपरेनेही राजाला वापरू दिलेला नाही. कर्मसिद्धान्त करणाऱ्याच्या खात्याबद्दल बोलतो. पाहणाऱ्यांच्या आणि गप्प बसणाऱ्यांच्या खात्यातून तो काही वजा करत नाही. दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. अंमलात न येणारा निकाल म्हणजे बलवानांची सोयच, हुकूम देणारा सुटला आणि हाताखालचे मेले, यात कौतुक कसले? यातला अर्धा भाग मान्यच करायला हवा. १७७३ चा न्याय अपुरा होता. पण तो निकालच नसता तर काय झाले असते ते पाहा. गादी राघोबाची आणि खून ‘गारद्यांच्या पगाराच्या दंग्याचा’, असे इतिहासात लिहिले गेले असते. राघोबाला सत्ता पचली नाही. बारभाई म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुण्याच्या कारभाऱ्यांनी नारायणरावाच्या मुलाच्या नावाने कारभार उभा केला, राघोबाला इंग्रजांच्या दारात जावे लागले, आणि १७७५ च्या सुरतेच्या तहानंतरही खुनी हे विशेषण त्याच्यामागे राहिले. बारभाईंना राजकारण साधायचे होतेच, यात शंका नाही. पण त्या राजकारणाला नैतिक बळ मिळाले ते एका ठरवलेल्या आणि उघड बोललेल्या दोषामुळे.

ज्याच्या घरातला माणूस गेला त्याला मात्र हे सगळे कोरडे वाटेल, आणि वाटावेच. द्रौपदीची पाच मुले अश्वत्थाम्याने झोपेत मारली. सौप्तिकपर्वातली द्रौपदी अन्न सोडून बसते आणि अश्वत्थाम्याचा जीव मागते. भागवतातली द्रौपदी याच प्रसंगी त्याला सोडा म्हणते, कारण आपण रडतो तसे त्याच्या आईने रडू नये. या दोघींपैकी खरी शोकाकुल आई कोणती, हे ठरवण्याचा अधिकार आपल्याला नाही. दोघीही खऱ्या आहेत, म्हणूनच परंपरेने दोघींनाही ठेवले. पण महाभारतातली, जीव मागणारी द्रौपदीसुद्धा अश्वत्थाम्याच्या मस्तकावरचा मणी समोर आल्यावर आपण ऋणातून मोकळ्या झालो असे म्हणते. तो जिवंत होता, पण त्याचे कृत्य सर्वांसमोर त्याच्या माथी कायमचे लागले होते. शिवाय तिच्या दुःखात एक गोष्ट नव्हती जी आजच्या न्यायालयांसमोर रोज असते: मारणारा कोण, याबद्दल तिला शंका नव्हती. आप्तांचा क्रोध शिक्षा किती असावी याबद्दल काही सांगू शकेल, पण आरोपी तोच आहे का हे तो सांगू शकत नाही. आपण मात्र पहिल्या प्रश्नाचा आवेश दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात सर्रास मिसळतो.

असे मिसळले की काय होते, हे नाशिकच्या प्रकरणात दिसले. २००३ साली नाशिकजवळच्या एका बागेतल्या झोपडीत पाच जणांचे खून झाले, अत्याचारही झाले. भटक्या जमातीतले सहा गरीब मजूर पकडले गेले. २००६ मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली आणि २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. गुन्हा इतका भीषण होता की दयेला जागा उरली नाही. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फाशी ‘दुर्मिळातल्या दुर्मीळ’ प्रकरणांपुरती राखली होती. १९८३ च्या दुसऱ्या निकालात समाजाची सामूहिक सदसद्विवेकबुद्धी हादरणे हा तिचा एक निकष झाला आणि गुन्ह्याचे वर्णन वाचून अंगावर येणारा काटा हळूहळू पुराव्याच्या पंगतीला जाऊन बसला. पुढे पुनर्विचार झाला आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले. वाचलेल्या साक्षीदाराने पोलिसांच्या छायाचित्रांच्या संग्रहातून सुरुवातीला वेगळ्याच चौघांकडे बोट दाखवले होते, हे दडलेले सत्य तेव्हा पुढे आले. त्या चौघांवर खटला चाललाच नव्हता. सहा जणांची सोळा वर्षे गेली, त्यातला एक गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. न्यायालयाने प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई आणि तपास अधिकाऱ्यांची चौकशी यांचे आदेश दिले. मेलेल्या पाच जणांच्या बाजूने विचार करा: २००९ मध्ये त्यांच्या नावाने ‘न्याय झाला’ असे म्हटले गेले, आणि त्या म्हणण्याने त्यांचे खरे मारेकरी शोधण्याची गरजच संपवली. चार वाट्यांपैकी एकही वाटा योग्य जागी पोचला नव्हता.

सत्य आधी, शिक्षा नंतर, ही काही केवळ पुस्तकी उतरंड नाही; आपला फौजदारी कायदा तसेच वागतो. माफीचा साक्षीदार घ्या. १९७६-७७ मध्ये पुण्याला अंधार पडल्यावर दाराला कड्या घालायला लावणाऱ्या जोशी-अभ्यंकर खून खटल्यात त्या विद्यार्थी टोळीतलाच एक जण माफीचा साक्षीदार झाला. उरलेल्या चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात फाशी झाली आणि तो सुटला. अनेकांना ते बोचले, पण राज्याने तिथे उघड व्यवहार केला होता: एका माणसाची शिक्षा सोडून सत्य विकत घेतले. हा व्यवहार अखेर इतरांना शिक्षा देण्यासाठीच होता, असे कोणी म्हणेल. पण माफीची अट काय असते? माहीत असलेले सर्व, पूर्णपणे आणि खरे सांगणे. इतरांना शिक्षा झाली की नाही यावर माफी अवलंबून नसते. खोटे बोलला तर मात्र ती जाते. फाशी गेलेल्या चौघांपैकी एकाने तुरुंगात आपल्या गुन्ह्याची कबुली देणारे पुस्तक लिहिले. दंड राज्याने दिला, पण प्रायश्चित्ताच्या जवळ जाणारे काही घडले असेल तर ते त्या कबुलीत.

सत्यालाच कवटाळून बसलात तर शिक्षा लांबते आणि गुन्हेगार फाशीतून निसटतात, हा शेवटचा आक्षेप. लहान मुलांच्या खुनांत दोषी ठरलेल्या गावित बहिणींची फाशी दयेच्या अर्जाला झालेल्या विलंबामुळे जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने जन्मठेपेत बदलली, तेव्हा हाच संताप उसळला. पण तिथे विलंब सत्यशोधनाला लागला नव्हता, फायली हलवायला लागला होता. आणि शिक्षा बदलली तरी कोवळ्या मुलांच्या खुनांचा दोष तसूभरही हलला नाही. घाई करायचीच असेल तर ती तपासात करावी. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. १० मे २०२४ रोजी सत्र न्यायालयाने गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप दिली, तिघांना सोडले आणि सूत्रधार दुसरेच कोणी आहेत, तपास यंत्रणा त्यांच्यापर्यंत पोचू शकल्या नाहीत, अशा शब्दांत तपासावर ताशेरे ओढले. १७७३ मध्ये मारणारे गारदी कोण हे उघड असूनही रामशास्त्री तिथे थांबले नव्हते. दाभोलकर प्रकरणात आपण अकरा वर्षांनी गारद्यांपर्यंत आलो आहोत.