पडद्यावरचा येशू आणि वचनातला येशू

आजचे वाचन: लूक ४:१-१३, इब्री ४:१५



अरण्यातल्या परीक्षेची हकीगत संपवताना लूक एक छोटी नोंद करतो. सैतान प्रभूला सोडून गेला खरा, पण काही काळापुरताच. म्हणजे तो परत येणार होता. कधी आला, काय घेऊन आला, हे लूक इथे सांगत नाही. आणि शास्त्र जिथे गप्प राहतं, नेमका तिथेच कादंबरीकार पेन उचलतो.

ग्रीक लेखक निकोस कझान्टझाकिस यांनी 'द लास्ट टेम्प्टेशन' ही कादंबरी १९५५ साली ग्रीकमध्ये प्रसिद्ध केली. १९८८ मध्ये मार्टिन स्कॉर्सेसी यांनी तिच्यावर सिनेमा काढला. त्यात वधस्तंभावर असताना येशूला एक लांबलचक स्वप्न दाखवलं जातं. खाली उतर, लग्न कर, मुलंबाळं, घरदार, शांत म्हातारपण. शेवटी तो ते नाकारतो आणि वधस्तंभावरच प्राण सोडतो. व्हॅटिकनने कादंबरी आधीच निषिद्ध ग्रंथांच्या यादीत टाकली होती. सिनेमा आला तेव्हा पॅरिसमध्ये एका थिएटरला आग लावली गेली, माणसं जखमी झाली.

प्रश्न असा आहे: शास्त्रात नसलेले विचार प्रभूच्या मनात घालायचा हक्क कुणाला आहे का?

आधी आगीबद्दल. गेथशेमाने बागेत प्रभूच्या बचावासाठीच तलवार चालली होती. प्रभूने तलवारीची बाजू घेतली नाही, महायाजकाच्या दासाचा कान बरा केला (लूक २२:५१). तेवढं पुरे आहे.

आता कादंबरीबद्दल. वधस्तंभावर परीक्षा झाली, ही कल्पना लेखकाने हवेतून आणलेली नाही. मत्तय २७:४० वाचा. देवाचा पुत्र असशील तर खाली उतर, असं येणारेजाणारे म्हणतात. अरण्यात सैतानाने सुरुवात अशीच केली होती. तोच डाव, फक्त बोलणारे बदलले. इब्रीकरांस पत्रही सांगतं की आपला प्रमुख याजक सर्व प्रकारे आपल्यासारखा पारखला गेला, पण निष्पाप राहिला. या वाक्याचा पहिला अर्धा भाग कझान्टझाकिसने फार गंभीरपणे घेतला. दुसऱ्या अर्ध्याचं वजन मात्र त्याला पेललं नाही. त्याचा येशू रोमनांसाठी वधस्तंभ बनवणारा, आपण कोण आहोत याबद्दल गोंधळलेला आहे. शुभवर्तमानातला येशू गेथशेमानेत घाम गाळतो, पण पित्याशी बोलत गाळतो.

माझी त्याहून मोठी तक्रार वेगळीच आहे. या गोष्टीत घरसंसार हाच मोह ठरतो. पण प्रभूने आपलं पहिलं चिन्ह काना गावी लग्नघरात केलं! संसार वाईट म्हणून त्याने तो सोडला नाही. आपल्या संसारांसाठी त्याने स्वतःला दिलं.

पण थांबा. आपल्याला आवडणाऱ्या सिनेमांचं काय? १९७७ च्या 'जीझस ऑफ नाझरेथ'मध्ये रॉबर्ट पॉवेलची पापणी क्वचितच लवते. सुंदर वाटतं, पण तीही कल्पनाच आहे. लूकचा येशू तर नावेत गाढ झोपी जातो, योहानाचा येशू थकून विहिरीपाशी बसतो. मंडळीच्या सुरुवातीच्या काळात काही जण म्हणत की ख्रिस्ताला खरं शरीर नव्हतंच, फक्त भास होता. मंडळीने ती शिकवण नाकारली. मग भूक, थकवा, अश्रू पुसून टाकलेला गोरागोमटा येशू आपल्याला बिनतक्रार का चालतो? देवपण कमी केलं की आपण चिडतो, माणूसपण कमी केलं की मात्र डोळे पुसतो.

आमच्या सॉफ्टवेअरच्या कामात रिक्वायरमेंटमध्ये जे लिहिलेलं नसतं ते कुणीतरी गृहीत धरतोच. त्याने धोका होत नाही. ते आपण गृहीत धरलंय हे विसरलं की होतो.

१९५९ च्या 'बेन-हर'मध्ये हे भान दिसतं. नासरेथात येशू तहानलेल्या कैद्याला पाणी देतो. हा प्रसंग शास्त्रात नाही. पण येशूचा चेहरा आपल्याला दाखवलाच जात नाही. अडवायला आलेला रोमन अधिकारी तो चेहरा पाहून गप्प होतो, आणि आपण फक्त त्या अधिकाऱ्याकडे पाहत राहतो. इथे कल्पनेने आपली हद्द ओळखली आहे.

आपल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१० च्या सुमारास मुंबईत ख्रिस्तचरित्राचा मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त होता, त्यांच्या मनःचक्षूंपुढे मात्र राम आणि कृष्ण उभे राहिले. त्यातूनच १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' आला. यात नवल नाही. मनात जे आधीपासून वस्तीला असतं, तेच पडद्यावरच्या चित्रात उतरतं. म्हणून कुठला सिनेमा पाहावा यापेक्षा, पाहायला बसण्याआधी मनात कोण वस्तीला आहे, हा प्रश्न मोठा.

मी एकच कसोटी लावतो. पुस्तक मिटल्यावर किंवा सिनेमा संपल्यावर मला शुभवर्तमान उघडावंसं वाटतं का? वाटलं, तर त्या कल्पनेने आपलं काम केलं. आता उघडायची गरजच नाही असं वाटलं, तर ती कितीही भक्तिपूर्ण असो, तिने प्रभूची जागा घेतली. मार्क ८:२९ मधला प्रश्न प्रभूने शिष्यांना विचारला होता. त्याचं उत्तर कुठलाही दिग्दर्शक आपल्या वतीने देऊ शकत नाही.

प्रार्थना: प्रभू, आम्ही तुझी जी चित्रं रंगवली आहेत त्यांच्या पलीकडे तू आहेस. तुझ्या वचनातून आम्हाला तुझं खरं दर्शन दे. आमेन.