डॉल्फिनचं दूध, चिप्पीचा चिखल

भाची वनस्पतिशास्त्र शिकते, मामा महाड एमआयडीसीत सांडपाणी प्रक्रियेवर ऑपरेटर. वाद असा, की सावित्री नदीत सोडलेल्या पाण्यापायी आपण कुणाचं देणं लागतो? बाणकोट-हरिहरेश्वरकडच्या समुद्रातल्या हम्पबॅक डॉल्फिनचं, की खाडीकाठच्या पांढऱ्या चिप्पीचं?

मामा : डॉल्फिनचं. त्याला दुखतं. झाडाला काय कळतंय?

भाची : पाणी नकोसं झालं तर तो निघून जाईल, मामा. चिप्पीनं कुठे जायचं?

मामा : जाईल, पण सोबत काय घेऊन? डीडीटीसारखी रसायनं सहजी मोडत नाहीत, माशांतून त्याच्या चरबीत साठतात. मादीला एका वेळी एकच पिल्लू होतं आणि तो साठा दुधातून त्याच्या पोटात उतरतो. पहिलटकरणीच्या पिल्लाला सगळ्यात जास्त. आता बोल.

(इथे भाची गप्प झाली असं लिहायचा मोह होतो. पण ती गप्प बसणाऱ्यांतली नाही.)

भाची : चिप्पीही विष अडवून धरते. धातू तिच्या मुळांभोवतीच्या चिखलात बसतात. २०२० मध्ये तिला राज्याचा कांदळवृक्ष केलं. म्हणून खाडी कमी खराब झाली का? तिचं फूल संध्याकाळी उमलतं, रात्री वटवाघळं, पतंग येतात, सकाळी पांढरे पुंकेसर चिखलावर गळलेले.

मामा : म्हणजे बिनपगारी सफाई कामगार.

भाची : तेच तर! डॉल्फिनची दया, चिप्पीचा उपयोग. उद्या उपयोगाची जेटी आली, की चिप्पी तोडणार.

मला भाचीचं हे पटतं. पण ज्याला यातना होतात, त्याचा हक्क त्यामुळे कमी होत नाही.

भाची : आणि पुराव्याचं काय? डॉल्फिन दिसला नाही तर म्हणाल, आज फिरकला नाही. उभी चिप्पी वाळली तर तिच्या बुंध्याशी जाऊन कारण शोधावं लागतं.

मामा : आम्ही नमुन्यात सीओडी बघतो, सामू बघतो. दूध कोण तपासणार? त्यासाठी मादी मेलेलीच किनाऱ्याला लागावी लागते.

भाची : म्हणून तर म्हणते, चिखल तपासा.

मामा : तपासू. पण चिखलातला आकडा उतरला म्हणजे पिल्लाचं दूध सुधारलं, असं मला सांगायला येऊ नकोस.