हिऱ्याचं कूळ

सांगली जिल्ह्यातल्या विट्याचा गलाईवाला, म्हणजे सोनं गाळून शुद्ध करणारा कारागीर, सोन्याला कूळ विचारत नाही. खानापूर, आटपाडी, तासगाव भागातली कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या देशभरच्या सराफ बाजारांत भट्टी लावून बसली आहेत. त्यांच्यापुढे आजीची पाटली येते, तुटकी अंगठी येते, सोनाराच्या दुकानातला केरही येतो. तेजाब आणि आगीतून गेल्यावर उरतं सोनं आणि त्याचा टंच, म्हणजे शुद्धता. पाटली कुणाची होती, हे भट्टीला ठाऊक नसतं.

न्यायदर्शनाच्या पंडितांनी, नैयायिकांनी, सोन्याला ‘तेज’ म्हणजे अग्नितत्त्व मानलं, कारण कितीही तापवलं तरी त्याचं द्रवत्व जळून जात नाही. हिरा मात्र त्यांनी पाषाणांत, म्हणजे पृथ्वीतत्त्वात धरला.

हाच पार्थिव हिरा आता वायूतून उगवतो. कमी दाबाच्या बंद कक्षात हिऱ्याची पातळ चकती ठेवायची, मिथेन आणि हायड्रोजन सोडायचा, मायक्रोवेव्हने प्लाझ्मा पेटवायचा. मिथेनमधला कार्बन चकतीवर थराथराने बसतो. ग्रॅफाइट होऊ पाहणारा कार्बन हायड्रोजन खरवडून काढतो. काही आठवड्यांत खडा तयार. संगणकाच्या चिपवर काही नॅनोमीटर जाडीचे थर चढवतात, तेही याच तत्त्वावर. अमेरिकेत विल्यम एव्हरसोल यांनी १९५२ मध्येच वायूतून हिरा वाढवला होता. २०१८ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने हिऱ्याच्या व्याख्येतून ‘नैसर्गिक’ हा शब्द काढून टाकला.

मग अस्सल कोणता?

उत्तर गलाईवाल्याला कोड्यात टाकणारं आहे. खाणीतल्या बहुतेक हिऱ्यांत नायट्रोजनची भेसळ असते. कोट्यवधी वर्षं भूगर्भातल्या उष्णतेत राहून तिचे अणू एकमेकांजवळ सरकतात, जोड्या-झुबके करतात. कक्षात वाढलेल्या हिऱ्यात नायट्रोजन बहुधा नगण्य असतो. प्रयोगशाळेचं यंत्र खाणीचा खडा ओळखतं, ते बऱ्याचदा या अशुद्धीवरूनच. विट्याच्या भट्टीत मळ गेला की अस्सलपण सिद्ध होतं. इथे मळच त्याची साक्ष देतो. द्रव्य आणि इतिहास सोन्यात वेगळे करता येतात, हिऱ्यात इतिहास द्रव्यातच मुरलेला असतो.

ग्रहासाठी हिरा घालणाऱ्यापुढेही हाच प्रश्न येतो. नवरत्नांत हिरा शुक्राचा. ग्रहाला कार्बन पोहोचत असेल, तर कक्षातला निर्मळ खडा अधिक फळायला हवा. भूगर्भातला काळ पोहोचत असेल, तर डागाळलेल्या खड्याला मान द्यावा लागेल. पण ज्योतिषी तर निर्दोष हिराच मागतो. तिसरी वाट मूर्तीची: स्वयंभू देव पूजला जातो, तशी कारागिराने घडवलेली मूर्तीही प्राणप्रतिष्ठेनंतर पूजली जाते. रत्नही विधी करूनच बोटात घालतात. मग त्या विधीने कक्षातला खडा का वगळावा, याचं कारण ‘स्वयंभूच हवा’ म्हणणाऱ्याला द्यावं लागेल.