बाई, बेन आणि यादीतलं नाव

॥ जय गुरुदेव ॥



या गुरुवारचं चिंतन ग्रंथातून आलेलं नाही, महाप्रसादाच्या यादीतून आलं आहे. चूक आमचीच आहे, म्हणून आधी ती सांगतो.

मागच्या महिन्यात आपल्या उधना भागातल्या सत्संगाचा महाप्रसाद होता. सेवेची यादी नेहमीप्रमाणे आम्ही स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या बायकांनी केली. इतकी वर्षं सुरतेत काढल्यावर जीभ इथलीच होते, म्हणून प्रत्येकीच्या नावापुढे 'बेन' लावलं. भाजी चिरायला या बेन, पुऱ्या लाटायला त्या बेन, वाढायला आणखी चार बेन. आणि सगळ्यात शेवटी लिहिलं, "भांडी : बाई – १". यादी ग्रुपवर टाकली, सगळ्यांचे हात जोडलेले निशाण आले, विषय संपला.

संध्याकाळी त्या भांडीवाल्या ताईंची मुलगी आली. आठवीत आहे, महापालिकेच्या मराठी शाळेत शिकते. आईच्या मोबाइलवर तिनेच यादी वाचून दाखवली होती. रागावली नव्हती. सरळ विचारलं, "मावशी, माझ्या आईला नाव नाही का?"

आम्ही गप्प. कारण त्या ताई महाप्रसादाच्या कामाचे पैसे घेत नाहीत. द्यायला गेलो तर म्हणतात, "तुम्ही पुऱ्या लाटता ती सेवा, मी भांडी घासते ती पण सेवाच." म्हणजे त्या आमच्यासारख्याच सेवेकरी. आणि तीन वर्षं शेजारी उभ्या राहून काम करूनही आमच्यापैकी दोघी-तिघी सोडल्या तर कुणाला त्यांचं नाव माहीत नव्हतं.

मुलगी गेल्यावर आमच्यात चर्चा झाली. एकजण म्हणाली, "अहो, पण बाई हा काय वाईट शब्द आहे? जिजाबाई, अहिल्याबाई, सावित्रीबाई, सगळ्या बाईच ना?" बोलणं खोटं नव्हतं. पण मनाला पटतही नव्हतं. तेव्हापासून आम्ही या प्रश्नाचा विचार करतोय. शब्दाचं मूळ चांगलं असलं म्हणजे तो कसाही वापरला तरी चालतो का?

आधी शब्दांच्याच गमती बघू.

आपल्याकडे महाराज म्हणजे राजा. मग संतांना आणि गुरूंना आपण महाराज म्हणू लागलो. आणि इथे गुजरातेत लग्नाचा स्वयंपाक करणारा आचारीही महाराजच! आमच्यातली एक लग्न होऊन जळगावहून सुरतेत आली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "महाराज आलेत, बाहेर ये." ही डोक्यावर पदर घेऊन नमस्काराला वाकली, तर समोर झारा घेतलेला माणूस! तोही बिचारा लाजला. आज तीस वर्षांनंतरही घरात हे आठवून हसतात.

दादा हा आपला थोरला भाऊ. गुजरातीत दादा म्हणजे आजोबा. आणि गल्लीतला दादा म्हटलं की कुणाला नातं आठवत नाही, दरारा आठवतो. भाईचंही तसंच. सुरतेत प्रत्येक पुरुष मानाने भाई असतो, मुंबईत 'भाई'चा फोन आला म्हटलं तर माणूस घाबरतो.

शिक्षा हा शब्द बघा. नातवंडं शाळेत हिंदी शिकतात, तिथे शिक्षा म्हणजे शिक्षण. घरी आजी म्हणते, "थांब, तुला शिक्षा करते." मूळ संस्कृतात 'शक्' म्हणजे जमणं, समर्थ असणं. त्यावरून शिक्षा म्हणजे काहीतरी जमावं अशी इच्छा, म्हणून शिकणं. तोच शब्द मराठीत येईपर्यंत छडी होऊन बसला. शिकवणाऱ्यांनी मध्ये काय केलं असेल, ते शब्दच सांगतो.

उलट काही शब्द वरही चढतात. आपल्या सुरतचा लोचो घ्या. लोचो म्हणजे लगदा, गोंधळ. "लोचा झाला" असं आपणही म्हणतो. पण त्यावर तेल, शेव, कांदा घालून समोर आला की रविवारी सकाळी रांग लागते, आणि पाहुण्यांना आपण अभिमानाने खाऊ घालतो. गोंधळाचं नाव शहराची ओळख झालं.

म्हणजे शब्द एका जागी बसून राहत नाही. आपली तापी बघा ना. मध्य प्रदेशात मुलताईला उगम, मग भुसावळवरून खानदेश भिजवत सुरतेला येते आणि समुद्राला मिळते. नदी तीच. पण मुलताईला पाणी स्वच्छ होतं म्हणून इथलं न गाळता पिऊ, असं कोणी म्हणत नाही. वाटेत त्यात काय मिसळलं ते बघावं लागतं.

आता आपल्या बाईकडे येऊ.

मराठीत बाई हा मानाचा शब्द. शाळेत शिकवणाऱ्या त्या बाई. आईच्या वयाच्या कुणालाही नावापुढे बाई. गुजराती बोलणाऱ्यांतही हा मान होता. मुंबईत परळला लहान मुलांचं मोठं रुग्णालय आहे, १९२९ सालचं. नाव आहे बाई जेरबाई वाडिया रुग्णालय. पारशी घराण्यातल्या त्या थोर स्त्रीच्या नावात बाई एकदा पुढे आणि एकदा मागे, असा दोनदा मान आहे.

मग हाच शब्द खाली कसा आला? आम्हाला वाटतं, नाव गळून पडलं म्हणून. 'जेरबाई'त नाव आहे. 'अहिल्याबाई'त नाव आहे. नुसतं "बाई आली का?" "आज बाईची दांडी" यात नाव नाही. तिथे माणूस गेला आणि नुसतं काम उरलं.

याहून वाईट गोष्ट राम या नावाची. मुंबईत जुन्या गुजराती घरांमध्ये घरगड्याला 'रामा' म्हणायची पद्धत होती. कोकणातून, घाटावरून आलेला मराठी मुलगा, त्याचं नाव काहीही असो, शेठाणी हाक मारणार, "रामा, पाणी लाव." ज्या नावाचा आपण जप करतो, तेच नाव नोकराचं सामान्यनाम झालं. देवाच्या नावापेक्षा पवित्र मूळ कुठलं असणार? तरीही त्या नावाने त्या मुलाची ओळख पुसलीच.

हे वाचून कुणाला गुजराती शेजाऱ्यांचा राग आला असेल तर थांबा. आम्हालाही आधी आला होता. मग आमच्यापैकीच एकीने विचारलं, "आणि आपण भय्या कुणाला म्हणतो?"

भय्या म्हणजे भाऊ. संस्कृत 'भ्राता'च्या कुळातला शब्द. उत्तरेकडे आई लेकाला लाडाने भैया म्हणते. आणि आपण? लूमवर, मिलमध्ये, बांधकामावर राबणारा माणूस, मग तो उत्तर प्रदेशचा असो, बिहारचा असो, "ए भय्या, बाजूला हो." शब्द भावाचा आहे, सूर भावाचा नाही. 'बाई'ने दुखावलेलो आम्हीच 'भय्या'ने दुसऱ्याला दुखवत होतो. आरसा समोर आला की दुसऱ्याचे दोष मोजायला वेळ राहत नाही.

मग काय, शब्द बदलावा? तेही आपण करून बघितलंय. आधी मोलकरीण म्हणत होतो. खरं तर हा किती सरळ शब्द! मोल म्हणजे मूल्य. मोल घेऊन काम करणारी ती मोलकरीण. त्यात कमीपणा काय? कामाला मोल आहे, असंच तो शब्द सांगतो. पण तो खटकायला लागला, म्हणून कामवाली आली. तीही खटकली, म्हणून बाई. बाई खटकली, म्हणून आता मावशी. आणि आता काही घरांत "आमची मावशी आज आलीच नाही" हे ज्या सुरात म्हटलं जातं, तो सूर सख्ख्या मावशीसाठी कधी लागत नाही. चहाचा वेगळा कप तोच, बसायची वेगळी जागा तीच, फक्त हाक बदलली. वागणूक तीच राहिली तर नवा शब्दही चार वर्षांत जुन्यासारखाच मळतो.

म्हणून आमच्या समजुतीप्रमाणे उत्तर असं आहे. शब्दाचं मूळ म्हणजे माणसाचं कूळ. चांगल्या कुळात जन्मला म्हणून माणूस चांगला ठरत नाही, त्याचं आचरण बघावं लागतं. तसंच "बाई हा मुळात मानाचा शब्द आहे" असं सांगून आपली सुटका होत नाही. ऐकणाऱ्याला तो कसा लागला, हे ऐकणाराच सांगणार. मग मूळ शोधायचंच कशाला? तर या शब्दात एकेकाळी किती मान होता आणि तो आपण कुठे सांडला, हे कळावं म्हणून. मूळ ही सबब म्हणून वापरू नये, आठवण म्हणून वापरावं.

गुरु या शब्दाचंच बघा. 'गु' म्हणजे अंधार, 'रु' म्हणजे तो घालवणारा, हा अर्थ आपण सगळे ऐकत आलो. पण संस्कृतात गुरु याचा साधा अर्थ आहे जड, वजनदार. लघु म्हणजे हलका, गुरु म्हणजे भारी. गुरुत्वाकर्षण त्यातूनच आलं आणि गौरव हा शब्दही त्यातूनच. म्हणजे कुणाचा गौरव करणं म्हणजे त्याला वजन देणं. आणि कुणाला 'हलकं' लेखणं म्हणजे त्याचं वजन काढून घेणं. आपण दर गुरुवारी गुरूंचा गौरव करतो, आणि त्याच दिवशी यादीत एका सेवेकरी बहिणीला हलकं करून ठेवतो. हे दोन्ही एका हाताने कसं लिहिलं आपण?

संत जनाबाई नामदेवांच्या घरी दळण-कांडण, झाडलोट करत होत्या. त्या स्वतःला नामदेवांची दासी म्हणवत. पण दासी हा शब्द त्यांनी स्वतः घेतला, कुणी लादला नाही, आणि शेजारी आपलं नाव ठेवलं. म्हणून सातशे वर्षांनंतर आपल्याला जनी माहीत आहे. नाव राहिलं म्हणून माणूस राहिला.

आणि आपल्या खानदेशच्या बहिणाबाई चौधरी! १८८० साली जळगावजवळ आसोद्याला जन्म. लिहिता-वाचता येत नव्हतं, शेतात आणि जात्यावर ओव्या रचल्या. १९५१ साली गेल्या, आणि पुढच्या वर्षी त्यांची गाणी पुस्तकात आली. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. हे नाव आम्ही लहानपणापासून घेतोय, पण त्या दिवशी प्रथमच नीट ऐकलं. बहिण आणि बाई. संस्कृत 'भगिनी'पासून आपली बहीण झाली आणि गुजरातीतली बेनसुद्धा. म्हणजे बेन आणि बाई, ज्या दोन शब्दांनी आम्ही यादीत दोन पंगती मांडल्या, ते दोन्ही या एका नावात शेजारी बसले आहेत!

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या ताईंच्या घरी गेलो. चूक कबूल केली. यादी नव्याने लिहू म्हणालो, आणि विचारलं, "नावापुढे बेन लिहू की बाई?"

त्या हसल्या. म्हणाल्या, "बाईच लिहा. आमच्या गावाला शाळेत शिकवतात त्यांना बाई म्हणतात. पण त्याच्या आधी नाव लिहा."

नवी यादी ग्रुपवर गेली. त्यात त्यांचं पूर्ण नाव आहे. या पत्रात मात्र लिहिलेलं नाही, कारण हे पत्र कुठल्या कुठे पोचतं आणि त्यांची परवानगी फक्त यादीपुरती होती.

या आठवड्याचा संकल्प छोटासाच आहे. आपल्या दारात येणारे, दूध देणारे, जिना झाडणारे, सोसायटीचे वॉचमन, भाजीची गाडी लावणारे, यांपैकी ज्यांचं नाव आपल्याला माहीत नाही, त्यांना ते विचारायचं. लक्षात ठेवायचं. आणि पुढच्या वेळी हाक त्या नावाने मारायची, पुढे भाऊ, बेन, बाई, दादा जे शोभेल ते लावून. मुलांना सोबत घ्या. ती आपल्याआधी पाठ करतील.

गुरुचरणी हीच प्रार्थना, की आपल्या जिभेवरून कुणाचं वजन कमी न होवो.

॥ जय गुरुदेव ॥ 🙏