काही करत नाही तो

कुत्रा फिरवणाऱ्या माणसाच्या तोंडी एक वाक्य कायम असतं, 'काही करत नाही तो.' बहुतेक वेळा ते खरंच असतं. पण रस्त्याच्या कडेला अंग चोरून उभ्या राहिलेल्या माणसाने ते पुरावा म्हणून का स्वीकारावं?

शेरू चार वर्षांचा आहे, वजन ३४ किलो. पुण्यातला एक मित्र परदेशी गेला आणि शेरू राजुऱ्यात आमच्याकडे आला. पूर्ण वाढलेला, ताकदवान, सवयी आधीच पक्क्या. घरात 'बस' म्हटलं की बसतो, अंगणातही बसतो. गेटबाहेर समोर बकरी आली की 'बस' हा शब्द त्याने जन्मात ऐकलेला नसतो.

आम्हा प्रोग्रामर लोकांचा एक जुना विनोद आहे : 'माझ्या मशीनवर तर चालतंय.' कुत्र्यांचं अगदी तसंच. एका जागी शिकलेली गोष्ट ते आपोआप दुसऱ्या जागी लावत नाहीत. त्याच्या लेखी 'बस' म्हणजे स्वयंपाकघर, मी उभा राहतो ती जागा आणि बिस्किटाचा डबा, हे सगळं मिळून. म्हणून तोच धडा रिकाम्या गल्लीत पुन्हा, मग दूरवर एक बकरी दिसेल अशा जागी पुन्हा द्यावा लागतो.

सगळी किल्ली अंतरात आहे. बकरी दिसतेय, पण माझ्या हातातला खाऊ अजून खावासा वाटतोय, इतकं अंतर. खाऊ नाकारला की समजायचं, आपण फार जवळ आलो. गुपचूप मागे फिरायचं. त्याने बकरीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे मान वळवली, की त्याच क्षणी बक्षीस. दोन सेकंद उशीर झाला तर बक्षीस कशाचं, हे त्याला कळत नाही. गळ्याला हिसके देण्यात अर्थ नसतो, कारण समोर बकरी असताना मान आवळली तर दुखणं बकरीच्याच नावावर जमा होतं. छातीवर हुक असलेला हार्नेस, सहा फुटांचा साधा पट्टा, बास. तो रीळवाला, लांबत जाणारा पट्टा असल्या कुत्र्याला मुळीच वापरू नये. धाव घ्यायला आयती जागा मिळते.

हे जमतं. वेळ लागतो, पण जमतं. अडचण दुसरीकडेच आहे. सराव करायचा तर लक्ष विचलित करणारं काहीतरी समोर हवं, आणि ते 'काहीतरी' म्हणजे बहुधा कोणीतरी असतं. सायकलवरचा शाळकरी मुलगा. डोक्यावर भारा घेतलेल्या मावशी. "पकडून ठेवजा भाऊ, चावते का?" असं विचारून त्या रस्ता ओलांडतात. माझ्या कुत्र्याच्या शिक्षणात त्यांनी नकळत काहीतरी मोजलेलं असतं, आणि त्यांना कोणीच विचारलेलं नसतं. लोक वापरत असलेल्या सिस्टीमवर थेट टेस्टिंग केलं तर ऑफिसात माझी खरडपट्टी निघेल. रस्त्यावर तेच मी रोज करू शकतो.

कुत्राप्रेमी मित्र म्हणतात, लोकांची भीती अडाणी असते, तिचा भार मुक्या जनावराने का वाहायचा? पुण्याच्या सोसायटीत बसून हे पटतही असेल. आमच्या तालुक्यात आरटी-१ नावाच्या वाघाने आठ जणांचा बळी घेतला. २७ ऑक्टोबर २०२० ला त्याला पकडेपर्यंत लोक जीव मुठीत धरून शेतात जात होते. जनावर दुरून ओळखणं हा इथे जगण्याचा भाग आहे. आणि शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१८ मध्ये अवनी वाघिणीच्या शोधासाठी आणलेल्या केन कोर्सो जातीच्या कुत्र्यांपैकी एक सुटला आणि त्याच्या हल्ल्यात एका बाईचा जीव गेला. तो कुणा नवशिक्याचा कुत्रा नव्हता. कामासाठी मुद्दाम आणलेला होता.

मग घरातच बांधून ठेवायचा? नाही. दिवसरात्र साखळीला असलेला कुत्रा जास्त बिघडतो, आणि फिरणं हा त्याच्या दिवसातला एकमेव मोठा प्रसंग असतो. त्याचंही देणं लागतोच. (जंगलाच्या कडेला मोकळं सोडावं म्हणणाऱ्यांसाठी : अकोल्याचा नव्हे, नगर जिल्ह्यातल्या अकोले भागाचा अभ्यास सांगतो की तिथल्या बिबट्यांच्या आहारात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा होता.)

विकी हर्न ही अमेरिकन कवयित्री श्वानप्रशिक्षकही होती. 'ॲडम्स टास्क' या १९८६ च्या पुस्तकात ती प्रशिक्षणाकडे माणूस आणि कुत्र्यामधली भाषा म्हणून पाहते. भाषा जमली की कुत्र्याला जास्त मोकळीक देता येते. मला हे निम्मं पटतं. तिच्या चित्रात दोघंच आहेत. रस्त्यावर मात्र तिसरा कायम असतो, आणि त्याला ही भाषा येत नाही. यायलाच हवी, असंही नाही.

कायदा इथे अधिक शहाणा वाटतो. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ जनावर चावण्याची वाट पाहत नाही. ताब्यातल्या जनावरापासून संभवणारा धोका टाळायला पुरेशी काळजी घेतली नाही, इतकंच गुन्ह्याला पुरतं. कुत्र्याचा स्वभाव कसा, हा प्रश्नच नाही. प्रश्न माझ्या हाताचा आहे.

म्हणूनच 'काही करत नाही तो' हे वाक्य मला खटकतं. ते एक वचन आहे, आणि वचन काय असतं हे ज्याला ठाऊक नाही त्याच्या वतीने दिलेलं. शेरूच्या मनातलं मला जेमतेम कळतं. पट्टा किती आखूड धरलाय, हे मात्र नक्की कळतं. त्यामुळे मी आता "मी धरलंय त्याला, तुम्ही जा मावशी" एवढंच म्हणतो, आणि रस्ता त्यांनी नाही, आम्ही ओलांडतो. तोंडाला जाळीही लावतो. धाप टाकता येईल, पाणी पिता येईल अशी मोठी, कारण चंद्रपूरचा उन्हाळा. गंमत म्हणजे जाळी बघून काहीजण आणखी घाबरतात. घाबरू देत. तोंड बंद आहे हे त्यांना माझ्या शब्दावर विश्वास न ठेवता दिसतं.

सराव बाजार नसलेल्या दिवशी बाजाराच्या मोकळ्या जागेत चालतो. बकऱ्या आता वीस पावलांवरून जमतात. डुकरं अजून नाही. डुक्कर दिसलं की आम्ही गल्ली बदलतो.