घाई करू नकोस, छकुली



आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला तू जो विषय घेतलास तो ऐकून मला फार बरं वाटलं. मुंबईतल्या समलिंगी आणि पारलिंगी माणसांच्या चळवळीची कागदपत्रं जपणारी आणि त्यांना चार घटका निवांत बसता येईल अशी वास्तू, तीही आपल्या गवालिया टँकपाशी! तू ते मनापासून करशील, यात मला शंका नाही. पंगतीत मागे राहिलेल्याचं पान वाढायला लहानपणी तूच आधी उठायचीस. मला काळजी आहे ती एवढीच की विषय ठरल्याबरोबर तू मॉडेल करायला घेतलंस.

आधी पहाटे उठून गवालिया टँकच्या त्या मैदानावर जा बरं. चहा नंतर घे. उजाडताना कोण कुठे बसतं, कोण झाडाच्या आडोशाला थांबतं, कुठल्या बाजूने रस्त्यावरच्या माणसाची नजर आत पोचते, हे सगळं वहीत उतरवून घे. ८ ऑगस्ट १९४२ ला जिथे 'चले जाव'चा ठराव झाला, त्याच मैदानातून १६ ऑगस्ट २००८ ला, स्वातंत्र्यदिनाच्या दुसऱ्या दिवशी, या माणसांचा मोर्चा गिरगाव चौपाटीकडे निघाला होता. ती जागा आणि तो दिवस, दोन्ही त्यांनी विचारपूर्वक निवडले असणार, असं मला वाटतं. म्हणून तुझ्या नकाशात नुसता प्लॉट दाखवू नकोस, मैदानापासून समुद्रापर्यंतची ती वाटही दाखव.

या इतिहासाला स्वतःच्या भिंती फार थोड्या मिळाल्या, बाळा. १९९० साली 'बॉम्बे दोस्त' हे नियतकालिक निघालं, १९९४ साली 'हमसफर ट्रस्ट' उभा राहिला आणि त्याचं काम अनेक वर्षं वाकोल्याला महापालिकेच्या जुन्या इमारतीत चाललं. तोवर भेटायचं कुठे, तर बागेतल्या बाकावर, स्टेशनवर, कुणाच्या तरी खोलीत. ज्यांनी आयुष्यभर आडोसा शोधला, त्यांना तू एकदम काचेच्या भिंतीत बसवणार का? मला विचारशील तर दोन दारं ठेव. एक रस्त्यावरचं, ताठ मानेनं येणाऱ्यासाठी, आणि एक गल्लीच्या बाजूचं, ज्याला अजून घरी काही सांगता आलेलं नाही त्याच्यासाठी. दुसरं दार पहिल्याइतकंच सुंदर कर हं, नाहीतर ते मागचं दार होईल.

ॲमस्टरडॅमचं 'होमोमॉन्युमेंट' तू वर्गात पाहिलंच असशील. कारिन दान या बाईंनी वेस्टरकेर्क चर्चजवळ गुलाबी ग्रॅनाइटचे तीन त्रिकोण रचले. एक फरसबंदीच्या पातळीत, एक बसता येईल इतका उंच, आणि एक कालव्यात उतरणाऱ्या पायऱ्यांचा, तिथे लोक फुलं ठेवतात. नाझी छावण्यांत समलिंगी पुरुषांच्या कपड्यांवर गुलाबी त्रिकोण शिवत, त्याची ही आठवण. १९७९ साली कल्पना निघाली आणि स्मारक पुरं झालं १९८७ साली. आठ वर्षं गं!

आणि कागदपत्रांची खोली शेवटी उरलेल्या कोपऱ्यात ढकलू नकोस. माग्नुस हिर्शफेल्ड या डॉक्टरांनी १९१९ साली बर्लिनमध्ये संस्था काढली, मोठं ग्रंथालय जमवलं. ६ मे १९३३ ला ते लुटलं गेलं आणि चार दिवसांनी चौकात त्या पुस्तकांची होळी झाली. लुटायला आले ते नाझी विद्यार्थी होते, तुझ्याच वयाची मुलं. हे वाचलं तेव्हा मला रात्री झोप आली नाही. आपल्याकडे आगीइतकीच भीती ओलीची आणि वाळवीची, तेव्हा ती खोली वरच्या मजल्यावर घे, पावसाच्या झडीपासून लांब, आणि कपाटं भिंतीला चिकटवू नकोस.

धीर कसा धरावा, हे चळवळीतल्या याच माणसांकडून शिक. २ जुलै १९९९ ला कोलकात्यात अवघे पंधरा जण रस्त्यावर चालले. बरोब्बर दहा वर्षांनी, २ जुलै २००९ ला, दिल्ली उच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या समलिंगी संबंधांना, ते गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून मोकळं केलं. ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला, तरी कोणी घरी बसलं नाही, आणि ६ सप्टेंबर २०१८ ला घटनापीठाने तो गुन्हा उरू दिला नाही. हा सगळा काळ तू एका शीटवर इंद्रधनुष्याचे पट्टे ओढून उरकू नयेस, एवढीच माझी इच्छा आहे.

मॉडेलला महागडं लेझर कटिंग नको, जुन्या वह्यांचे पुठ्ठे मी जपून ठेवलेत, ते घेऊन जा. ट्रेसिंग पेपरही दोन्ही बाजूंनी वापर. वाचवलेल्या पैशात लोकलचं तिकीट काढ आणि चळवळीतल्या पिकल्या केसांच्या माणसांना भेटून ये. ते बोलतील तेव्हा मोबाइल बाजूला ठेव, आणि विचारल्याशिवाय कुणाचं नाव किंवा फोटो शीटवर लावू नकोस. कुणाच्या घरी अजून ठाऊक नसेल.

ज्युरीची तारीख कळव. आणि त्याआधी एकदा घरी येऊन पोटभर जेवून जा.

तुझी,
आजी